ब्लेझारची अचानक वाढणारी चमक: मराठवाड्यातून निरीक्षण करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ब्लेझार म्हणजे नेमकं काय, आणि तो एकदम उजळतो कशामुळे?

काही दीर्घिकांच्या केंद्रात सूर्याच्या कोट्यवधी ते अब्जावधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्यात वायू कोसळत असताना थोडा माल दोन विरुद्ध दिशांना, जवळपास प्रकाशाच्या वेगानं, झोताच्या रूपात बाहेर फेकला जातो. यातला एक झोत नेमका आपल्याकडे तोंड करून असेल तर त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात. झोत आपल्याच दिशेनं येत असल्यामुळे त्याचा प्रकाश कित्येक पटींनी वाढून दिसतो आणि त्यातले चढउतार कमी वेळात घडल्यासारखे दिसतात. झोतात धक्कालहर उठली, चुंबकीय क्षेत्राची गुंतागुंत सुटली किंवा झोताची दिशा जराशी आपल्याकडे वळली, की चमक वाढते. प्रत्येक वेळी यातलं नेमकं काय घडलं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

या प्रकाराला ज्याचं नाव मिळालं तो बीएल लॅसर्टी 1929 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ हॉफमाइस्टर यांना सापडला, तेव्हा तो आपल्याच आकाशगंगेतला रूपविकारी, म्हणजे चमक बदलणारा, तारा समजला गेला. म्हणून त्याचं नाव ताऱ्यासारखं आहे. 1968 मध्ये त्याच जागी रेडिओ स्रोत असल्याचं लक्षात आलं आणि मग कळलं की हा प्रकाश सुमारे 90 कोटी वर्षं प्रवास करून आलेला आहे.

दुर्बिणीत हे कसं दिसतं? डोळ्यांनी पाहून काम भागेल का?

दिसतो फक्त एक ठिपका. झोत नाही, सर्पिल भुजा नाहीत. पाहुण्यांना दाखवायला हा विषय कामाचा नाही, त्यांना शनी दाखवा.

कन्या राशीतला 3सी 273 साधारण 12.9 प्रतीचा आहे (प्रत म्हणजे चमकेचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक). अंधाऱ्या गावातून 8 इंची दुर्बिणीत तो डोळ्यांनी दिसतो. मार्केरियन 421 तेराव्या प्रतीच्या आसपास असतो, पण 51 सप्तर्षी हा सहाव्या प्रतीचा तारा त्याला जवळजवळ खेटून, साधारण दोन आर्कमिनिटांवर (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असल्यामुळे डोळे दिपतात. ओजे 287 साठी 10 ते 12 इंची आरसा लागतो. डोळ्यांनी केलेला अंदाज 0.1 ते 0.2 प्रतीपर्यंत बरोबर येतो. मोठा स्फोट ओळखायला तेवढं पुरतं, तासातासाचा बदल पकडायला पुरत नाही. त्यासाठी कॅमेराच हवा.

सुरुवातीला कोणती सामग्री पुरेल?

200 मिमी व्यासाची, 1000 मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण, गाईडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण आपोआप सावरणं) होईल असा इक्वेटोरियल माउंट, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारी बैठक, कृष्णधवल सीमॉस कॅमेरा आणि एक व्ही फिल्टर (हिरवा-पिवळा प्रकाश आत सोडणारा). 3.76 मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर 206.265 × 3.76 ÷ 1000, म्हणजे एका पिक्सेलमध्ये 0.78 आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग). आपल्याकडे साध्या रात्री तारा 3 आर्कसेकंद रुंद पसरतो, म्हणजे तो चार पिक्सेलवर बसेल. मोजमापाला हे उत्तम. तारा दोन पिक्सेलपेक्षा कमी जागेत बसत असेल तर फोकस किंचित सैल सोडा.

फिल्टर एकच परवडत असेल तर व्ही घ्या. दुसरा घ्यायचा झाला तर कझिन्स आर, म्हणजे लाल प्रकाशाचा. ब्लेझारवरची बरीच आंतरराष्ट्रीय मोहिमेची मापं आरमध्येच असतात. डीएसएलआर असला तरी हरकत नाही: रॉ फाइल घ्या, हिरवा चॅनेल वेगळा काढा आणि नोंदीत फिल्टरच्या जागी टीजी (हिरव्या चॅनेलचा संकेत) लिहा, व्ही लिहू नका. जेपेग फाइल मात्र मोजमापाला निरुपयोगी.

कोणत्या महिन्यात काय पाहायचं?

आपलं वर्ष पावसाळ्यानं तुटतं, हे धरूनच बेत करा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत सलग चार रात्री मोकळ्या मिळणं अवघड.

ऑक्टोबर उघडला की पहिला मान बीएल लॅसर्टीचा. महिन्याच्या मध्यावर तो रात्री 9 च्या सुमाराला मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतो, उत्तरेला 66–67 अंश उंच. त्याचा सर्वांत चांगला काळ ऑगस्ट, तो आपल्याला पावसात गमवावा लागतो. त्याच वेळी महाश्व तारकासमूहात 3सी 454.3 आणि सीटीए 102 आहेत. सीटीए 102 एरवी सोळाव्या-सतराव्या प्रतीचा, म्हणजे 8 इंचीला जडच, पण डिसेंबर 2016 च्या अखेरीस तो अकराव्या प्रतीच्या आसपास पोचला होता. सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, आणि 4 इंची दुर्बिणीत टिपता आला असता! दक्षिणेचा पीकेएस 2155-304 आपल्याकडून 40 अंशांपर्यंत वर येतो. युरोपातल्या बहुतेकांना तो क्षितिजालगतच मिळतो, तेव्हा त्याच्याकडे मुद्दाम लक्ष द्या.

जानेवारी ते एप्रिल ओजे 287. पुष्य नक्षत्रातल्या एम 44 तारकागुच्छापासून साधारण साडेतीन अंश पूर्वेला तो सापडतो. त्याच्या चमकेत सुमारे 12 वर्षांचं चक्र आहे, आणि तिथे दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत असावीत असं त्यावरून मांडलं जातं. उन्हाळ्याच्या तोंडाला मार्केरियन 421, 3सी 273 आणि 3सी 279, आणि एप्रिल-मेमध्ये उत्तररात्री शौरीतला मार्केरियन 501. हिवाळ्यात उत्तरेचा एस5 0716+71 पाहा. तो एका रात्रीत, कधी दोन-तीन तासांतच हलतो, पण आपल्याकडून साधारण 38 अंशांच्या वर जात नाही. उत्तरेला शहराचा उजेड असेल तर त्याचा नाद सोडा.

एकदम दहा वस्तूंच्या मागे लागू नका. हंगामाला दोन पुरेत.

माळवद, स्लॅब की शेत: दुर्बीण कुठे मांडावी?

माळवदावर नको. लाकडी तुळयांवरचं ते छप्पर पांढऱ्या मातीनं उन्हाळ्यात घर थंड ठेवतं खरं, पण कुणी चार पावलं टाकली की तारा प्रतिमेत लांबट होतो. सिमेंटचा स्लॅब पक्का असतो, मात्र एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तारे उकळल्यासारखे थरथरतात. संध्याकाळी पाणी मारल्यानं थोडा फरक पडतो, पण मग दव आणि ओल सांभाळा.

शेत सर्वांत चांगलं, पण काळ्या रानात ट्रायपॉड सरळ मातीवर ठेवू नका. ओल असताना पाय रुततात, उन्हाळ्यात भेगांच्या कडा ढासळतात आणि रात्रीतून ध्रुवीय जुळणी (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं) बिघडते. प्रत्येक पायाखाली फूटभर लांबी-रुंदीचा शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. कायमची जागा करायची असेल तर काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि मग काँक्रीटचा खांब उभा करा. नुसत्या काळ्या मातीत रोवलेला खांब पहिल्याच पावसात कलतो. आणि बूट घाला. घोणस बहुतेक अंधारातच फिरते.

शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असेल तर शेजारच्या विहिरीवरचा दिवा, पाणी द्यायला आलेल्यांच्या बॅटऱ्या आणि मोटारसायकलचे हेडलाइट धरूनच चाला. दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या फोमशीटची लांब नळी लावली की तिरपा उजेड बराच अडतो. शेजाऱ्याला एकदा बोलावून पडद्यावरचा ठिपका दाखवा, पुढच्या वेळी तो स्वतःहून दिवा मालवतो.

ध्रुव तारा इतका खाली आहे की जुळणीच होत नाही. काय करावं?

धाराशिव-लातूरकडे ध्रुव 18 अंशांवर, छत्रपती संभाजीनगरला जेमतेम 20 अंशांवर. समोर लिंबाचं झाड असलं की संपलं. त्यात पुष्कळ माउंट उत्तरेकडच्या देशांसाठी बनलेले असतात. अक्षांश 20 च्या खाली आणताना स्क्रू संपतो किंवा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागतो. पाय फिरवून मोकळी बाजू उत्तरेला आणा, किंवा मध्ये 15–20 सेंटिमीटरचा लोखंडी पाइप देऊन माउंट उंच करा. ध्रुव दिसत नसेल तर प्लेट सॉल्व्हिंगवर (प्रतिमेतल्या ताऱ्यांवरून दुर्बीण कुठे रोखली आहे ते सॉफ्टवेअरनं ओळखणं) चालणारी जुळणी वापरा. ती आकाशाच्या कुठल्याही भागावरून होते.

एक्स्पोजर किती द्यावं?

चौदाव्या प्रतीच्या ब्लेझारसाठी 200 मिमी दुर्बीण, व्ही फिल्टर, अंधारं आकाश: 60 सेकंदांत सिग्नल-नॉइज गुणोत्तर (ताऱ्याचा सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे) 50 ते 100 मध्ये मिळतं. 1.086 ला या गुणोत्तरानं भागलं की प्रतीतली चूक निघते. 50 असेल तर 0.02 प्रत. साडेपंधराव्या प्रतीला 120 सेकंदांच्या तीन ते पाच प्रतिमा घेऊन बेरीज करा.

तुलनातारा, म्हणजे ज्याची प्रत आधीच माहीत आहे असा प्रतिमेतला तारा, जळता कामा नये, म्हणजे त्याचे पिक्सेल भरून जाता कामा नयेत. 16 बिटच्या प्रतिमेत त्याचा सर्वांत उजळ पिक्सेल 45,000 च्या आत ठेवा. कॅमेऱ्याचा थंडावा झेपेल एवढाच द्या: डिसेंबरात उणे 10, मेमध्ये बाहेर 30 अंश असताना शून्य. दोन्ही तापमानांच्या डार्क (झाकण लावून घेतलेल्या) प्रतिमा वीस-वीस काढून ठेवा.

फ्लॅट प्रतिमा, म्हणजे धूळ आणि सावल्यांचा परिणाम काढायला सारख्या उजेडाच्या घेतलेल्या प्रतिमा, रोज घ्याव्यात. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर संपतो, फ्लॅटला योग्य उजेड पाच-सात मिनिटंच मिळतो. दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेल्या पांढऱ्या धोतराचे दोन पदर ताणून बांधा आणि सूर्यास्तानंतर माथ्याच्या आकाशाकडे रोखा. कॅमेरा फिरवला किंवा काढला तर आधीचे फ्लॅट बाद.

प्रतिमेतून प्रत कशी काढायची?

एएव्हीएसओ ही अमेरिकेतली 1911 पासूनची संस्था प्रत्येक ब्लेझारभोवतीच्या तुलनाताऱ्यांचा नकाशा आणि त्यांच्या मोजलेल्या प्रती मोफत देते. नकाशाचा क्रमांक लिहून ठेवा, नोंदीत तो लागतो. मोजणीसाठी एस्टॅप किंवा ॲस्ट्रोइमेजजे ही मोफत सॉफ्टवेअर चालतात.

ब्लेझार, तुलनातारा आणि तपासतारा (माप बरोबर आलं का ते पाहायला निवडलेला, माहीत प्रतीचा दुसरा तारा) या तिघांवर एकाच मापाचं वर्तुळ ठेवा. समजा यंत्राची प्रत ब्लेझारला उणे 8.412 आली आणि तुलनाताऱ्याला उणे 9.105. फरक 0.693. तुलनाताऱ्याची खरी प्रत 13.020 असेल तर ब्लेझार 13.713. आता हेच तपासताऱ्याला लावा. यंत्रात उणे 8.760 असेल तर उत्तर 13.365 येतं. नकाशावर 13.350 लिहिलेलं असेल तर 0.015 ची तफावत, म्हणजे माप ठीक आहे. ही तफावत 0.05 च्या पुढे गेली की आधी तुमच्या प्रतिमेवर संशय घ्या, आकाशावर नंतर.

वर्तुळाची त्रिज्या ताऱ्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट ठेवतात. पण मार्केरियन 421, मार्केरियन 501 आणि बीएल लॅसर्टी यांच्याभोवती यजमान दीर्घिकेचा अंधूक उजेड असतो. तिथे वर्तुळ रोज बदललं तर दीर्घिकेचा कमी-जास्त भाग आत येतो आणि ब्लेझार उगीचच हलल्यासारखा दिसतो. बीएल लॅसर्टीला 8 आर्कसेकंद त्रिज्या आणि पार्श्वभूमीसाठी 10 ते 16 आर्कसेकंदांचं कडं वापरण्याची पद्धत आहे. तुम्ही जे ठरवाल ते वर्षभर तेच ठेवा.

काल रात्री ब्लेझार एकदम 0.4 प्रतीनं उजळला. लगेच कळवू का?

थांबा. 0.4 प्रत म्हणजे जवळपास 45 टक्के जास्त प्रकाश. ब्लेझारला हे सहज जमतं, पण खोट्या उजळण्यालाही तितकंच सहज जमतं.

पहिल्यांदा तपासताऱ्याचा आलेख उघडा. तोही त्याच वेळी वर सरकला असेल तर बदल तुलनाताऱ्यात आहे, बहुतेक तो जळलाय किंवा त्याच्यावर ढगाचा तुकडा आलाय. सगळ्यावर सारखा पसरलेला पातळ ढग भागाकारात निघून जातो, तुकड्यातुकड्यांचा जात नाही.

मग बदलाचा आकार बघा. खरा ब्लेझार चढतो, उतरतो. आलेखात पायरी पडली असेल, म्हणजे एका प्रतिमेपर्यंत 13.9 आणि पुढच्या प्रतिमेपासून सरळ 13.6, तर वेळ तपासा. ती मध्यमंडल ओलांडताना माउंट उलटल्याची वेळ निघाली तर दोष फ्लॅटचा आहे. प्रतिमा 180 अंशांनी फिरल्यावर ब्लेझार सेन्सरच्या दुसऱ्याच कोपऱ्यात गेला आणि तिथली धूळ नीट वजा झाली नाही. ही चूक इतकी सर्रास होते की उलटण्याआधीचं आणि नंतरचं माप वेगळ्या रंगात काढायची सवयच लावून घ्यावी.

एकाच प्रतिमेत उसळी असेल तर ती प्रतिमा पूर्ण मोठी करून बघा. उपग्रहाची रेघ, विमान, वैश्विक किरणांचा टोकदार ठिपका. ओजे 287 आणि विशेषतः 3सी 279 क्रांतिवृत्ताला लागून आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून लघुग्रह सरकतात. दोन प्रकाश एकत्र मोजले गेले की झाली उसळी. तासाभरानं पुन्हा प्रतिमा घेतली तर ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका सुटा झालेला दिसतो. मार्केरियन 421 ला 51 सप्तर्षीची चमक पार्श्वभूमीच्या कड्यात शिरते. आरशावर दव धरलं की ती आणखी पसरते.

दव मात्र वेगळ्याच तऱ्हेनं फसवतं. न्यूटोनियनचा दुय्यम आरसा पहाटे तीनच्या सुमाराला हळूहळू धुरकटतो आणि सगळेच तारे मंदावतात. ब्लेझारचा सिग्नल घसरतो, चूक 0.02 वरून 0.1 वर जाते आणि आलेखाचं शेपूट पिसाटतं. त्या शेपटातली उसळी खरी नव्हे.

इतकं करूनही 0.4 टिकून असेल, बदल चुकीच्या तीन पटींहून बराच मोठा असेल आणि दुसऱ्या तुलनाताऱ्यानं मोजूनही तोच येत असेल, तर तो उद्रेक आहे. त्या रात्री दुसऱ्या कुठल्याही वस्तूकडे दुर्बीण वळवू नका.

पाचट जाळल्याचा धूर, धूळ, चंद्र: यात काम करावं का?

गळीत हंगामात उसाचं पाचट पेटलं की धुराचा पट्टा खाली साचतो. 30 अंशांच्या खालचं मोजमाप तसंही टाळावं, कारण तिथे माथ्याच्या दुप्पट हवा मध्ये येते. धूर असेल तर 45 अंशांच्या वरच राहा. फेब्रुवारीनंतरची धूळ सारखी पसरलेली असते, ती तुलनेत निघून जाते, फक्त एक्स्पोजर दीडपट करा. पौर्णिमेच्या आगेमागे आर फिल्टर बरा पडतो. चंद्र वस्तूपासून 30 अंशांच्या आत असेल तर त्या दिवशी झोप काढा.

वेळ कशी नोंदवायची?

ज्युलियन दिनांकात (दिवसांचा सलग मोजलेला क्रमांक), जागतिक वेळेनुसार. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. 15 जानेवारी 2025 ची रात्री 11 म्हणजे जागतिक 17:30, म्हणजे 2460691.229. या बाबतीत भारतातल्या निरीक्षकाची चंगळ आहे: ज्युलियन दिवस आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, म्हणजे अख्खी रात्र एकाच पूर्णांकात बसते. एक्स्पोजरच्या मधली वेळ द्या, सुरुवातीची नको. शेतात नेट नसेल तर निघण्यापूर्वी लॅपटॉपचं घड्याळ जुळवून घ्या.

रात्रभर वीज कशी पुरवायची?

माउंटला एक ते दोन अँपिअर, थंड होणाऱ्या कॅमेऱ्याला दोन ते तीन, दव-हीटरला एक. सरासरी पाच धरा, सहा तासांना 30 अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वापरायची असते, म्हणून 12 व्होल्टची 65 ते 70 अँपिअर-तासाची घ्या. व्होल्टेज 11.5 च्या खाली गेलं की माउंट मुकाट्यानं पावलं चुकवतो आणि दोष गाईडिंगला दिला जातो. लॅपटॉपला वेगळी सोय करा.

नोंदी कुठे पाठवायच्या, आणि त्या कुणाच्या कामाच्या?

एएव्हीएसओचा निरीक्षक संकेतांक मोफत मिळतो, सभासद व्हावं लागत नाही. नासाचा फर्मी उपग्रह 2008 पासून साधारण दर तीन तासांनी सगळं आकाश गॅमा किरणांत तपासतो आणि त्याचे ब्लेझारचे आलेख खुले असतात. गॅमा चढताना दृश्य प्रकाशही चढला का, आधी कोण चढलं, यावरून झोतात काय घडतंय ते ताडता येतं. युरोपात अंधार पडण्याच्या आधीच मराठवाडा काळोखात असतो, आणि जपानमध्ये उजाडल्यावरही काही तास काळोखातच राहतो. आपल्या नोंदीची किंमत या रेखांशात आहे. ब्लेझार शांत असल्याच्या रात्रीही पाठवा. शांत पातळी माहीत नसेल तर उसळी किती मोठी होती हे सांगता येत नाही.

औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला ओजे 287 ची दोन कृष्णविवरं सापडतील का?

नाही. लायगो सेकंदाला दहा ते काही हजार वेळा होणारी कंपनं ऐकते. ओजे 287 च्या जोडीची फेरी वर्षांमध्ये मोजायची. तसल्या अतिमंद लहरी स्पंदकांच्या (ठराविक ठेक्यात रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या) ठोक्यांवरून शोधतात, आणि त्या कामात नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे.

पावसाळ्यात काय करायचं?

आरसा आणि फिल्टर हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत तापवा, तो तवा पुन्हा भाकरीला घेऊ नका. फिल्टरवर बुरशीचं जाळं धरलं तर पुढचे सगळे फ्लॅट डागाळतात. ओजे 287 तसाही ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्याआड असतो, त्याचं काही बुडत नाही. जुन्या प्रतिमा दुसऱ्या तुलनाताऱ्यानं पुन्हा मोजा, डार्क नव्यानं काढा, माउंटचं ग्रीस बदला. आणि सप्टेंबरअखेर पहिली उघाड मिळाली की बीएल लॅसर्टीच्या आधी एखाद्या स्थिर ताऱ्यावर तासभर मालिका घेऊन बघा. तो 0.02 च्या आत स्थिर आला की मग ब्लेझारकडे वळा.